भांडणं आणि एआयच्या काळात वर्डप्रेससाठी फुकट काम करण्यात अर्थ उरलाय का?

तुम्ही विचारलंय : 'मी निपाणीचा, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्डप्रेसमधली कोर्टकचेरी आणि एआयवर मिनिटात तयार होणाऱ्या साइट बघून वाटतं, असल्या ओपन सोर्स कामात वेळ घालवून काय मिळणार?'

मी बेळगावात शहापूरला राहतो. गेली अकरा वर्षं वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरवर, साइट बनवून घर चालवतोय. उद्यमबागेतले फौंड्रीवाले, साड्यांची दुकानं, दोन-तीन पतसंस्था, असे माझे लोक. त्यामुळे हा प्रश्न माझ्या पोटाचाही आहे. माझं उत्तर 'अर्थ आहे' असंच आहे, आणि आपल्या भागातल्या पोरांसाठी तर जरा जास्तच आहे.

आधी भांडणाचं. सप्टेंबर २०२४मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी (लोकांच्या साइट आपल्या सर्व्हरवर ठेवणारी) यांच्यात जाहीर वाद पेटला. ऑक्टोबरात प्रकरण कोर्टात गेलं. मधल्या काळात त्या कंपनीकडे साइट ठेवलेल्या लोकांचे प्लगइन (साइटला जादा सोयी देणारे जोड) अपडेट व्हायचे अडले, त्या कंपनीच्या एका लोकप्रिय प्लगइनचा अधिकृत भांडारातला ताबा काढून घेतला गेला. डिसेंबरात कोर्टाने हे थांबवायला सांगितलं. मग जानेवारी २०२५मध्ये मुलनवेग यांच्या ऑटोमॅटिक कंपनीने वर्डप्रेसला दिला जाणारा आपल्या माणसांचा वेळ आठवड्याला सुमारे ४५ तासांवर आणला. मेअखेर तो पुन्हा वाढवला, पण तोवर लोकांना एक गोष्ट नीट कळली होती. कोड सगळ्यांचा आहे, तो जीपीएल या खुल्या वापराच्या परवान्याखाली आहे, कुणी परत घेऊ शकत नाही. पण अपडेट ज्या दारातून घरोघरी जातात ते दार, म्हणजे वर्डप्रेस डॉट ऑर्ग, एका माणसाच्या नावावर आहे.

मला याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तरी इतिहास विसरू नका. वर्डप्रेस जन्मलं तेच मुळी एका थांबलेल्या कामातून. मिशेल वाल्ड्रीघी यांचं बी-टू नावाचं सॉफ्टवेअर थंडावलं, तेव्हा मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तोच कोड उचलला आणि मे २००३मध्ये वर्डप्रेस म्हणून बाहेर काढला. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. उद्या खरंच दार बंद झालं, तर कोड उचलून दुसरीकडे मांडायची मुभा तुम्हालाही आहे. २०१८मध्ये नवा ब्लॉक एडिटर (पान तुकड्यातुकड्यांनी रचायची सोय) नको असलेल्यांनी क्लासिकप्रेस असंच वेगळं काढलं. ते फार वाढलं नाही, पण त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही.

आपल्याकडे इर्जिक असते ना? एकाच्या रानात दहा जणांची औतं उतरतात, दिवसभर नांगरट होते, मालक जेवू घालतो, पुढच्या खेपेला दुसऱ्याचं रान. ओपन सोर्स मला तसंच दिसतं. फरक एवढाच की या इर्जिकीत ज्यांची रानं सगळ्यात मोठी, त्यातले बरेच औत घेऊन येतच नाहीत. म्हणून २०१४मध्ये मुलनवेग यांनी कंपन्यांना सुचवलं होतं, आपल्या ताकदीतले ५ टक्के परत द्या. आठवड्याला ४० तास काम करणाऱ्याचे ते दोन तास होतात. तुम्हीही तेवढेच द्या. हातात नोकरी नसताना रात्र-रात्र जागून फुकट राबू नका. तसं राबलेली चांगली पोरं दोन वर्षांत कंटाळून निघून गेलेली मी पाहिली आहेत.

आता आपल्या भागाचं. सुरुवात वर्डप्रेसमधल्या बटणांवरच्या आणि सूचनांच्या वाक्यांच्या भाषांतरापासून करा, त्याला कोडिंग लागत नाही. इंग्रजीत 'अमुक विभागातले लेख' असं वाक्य असतं आणि विभागाच्या नावाची जागा रिकामी सोडलेली असते. इंग्रजीत तिथं काहीही घाला, वाक्य बिघडत नाही. मराठीत 'बातम्या' हा शब्द 'मध्ये' लागला की 'बातम्यांमध्ये' होतो, 'सोहळा'चं 'सोहळ्यामध्ये' होतं. रिकाम्या जागेला सामान्यरूप कळत नाही. मग वाक्यच फिरवून 'विभाग : बातम्या' असं करावं लागतं. 'अमुकने लेख लिहिला' ठीक चालतं, पण 'अमुक सामील झाला' म्हटलं की बाई असली तर चुकलं. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं की नेमकं इथंच घोळ होतो, वर मराठीच्या नावाखाली अर्धी हिंदी येते. 'जतन करा' हवं तिथं भलतंच काहीतरी. हे वाचून जिला खटकतं अशी व्यक्ती तिथं बसलेली हवी. तुमची सूचना आधी प्रतीक्षेत राहते, भाषेचे संपादक ती तपासून मंजूर करतात. वेळ लागतो, नाराज होऊ नका.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. वर्डप्रेसच्या गुटेनबर्ग प्रकल्पाचे (ब्लॉक एडिटर त्यातूनच आला) चार टप्पे ठरलेत : आधी सोपं संपादन, मग साइटची रचना, मग अनेकांनी मिळून लिहिणं, आणि चौथा टप्पा बहुभाषिक साइटचा. तिसऱ्याचं काम चालू आहे, डिसेंबर २०२५च्या ६.९ आवृत्तीत ब्लॉकवर टिपा लिहायची सोय आली. चौथा अजून बाकी आहे. आज एकाच साइटवर दोन भाषा हव्या असतील तर वेगळं प्लगइन बसवावं लागतं.

आपण रोज काय करतो? घरात मराठी, तहसीलदार कचेरीत कन्नड, बिलावर इंग्रजी. माझ्या एका फौंड्रीवाल्याचं गिऱ्हाईक कोल्हापूरचंही आहे आणि हुबळीचंही. त्याची साइट तीन भाषांत करताना मेनू तीनदा बांधला, आणि एक दर बदलला तर तीन ठिकाणी बदलावा लागायचा. एकदा कन्नड पानावर जुनाच दर राहिला आणि धारवाडच्या माणसाशी त्याची वादावादी झाली. हा त्रास एकाच भाषेत जगणाऱ्या प्रोग्रामरला सांगूनही पटकन कळणार नाही. चौथ्या टप्प्याची चर्चा होईल तेव्हा हे मांडायला निपाणी, खानापूर, चिकोडीची माणसं तिथं असायला हवीत. सीमाभागात भाषेवरून आपण फार सोसलंय. दोन्ही भाषा येणं ही इथं कामाची ताकद आहे, आणि शेजारच्या कन्नड मित्रालाही बरोबर घ्या, कन्नडचं भाषांतरही त्याच ठिकाणी चालतं.

एआयबद्दल थोडक्यात. पान ते बनवून देईल, मीही त्याची मदत घेतो. पण ते पान कुणाच्या ताब्यात राहतं, हा प्रश्न उरतोच. एका गावच्या साहित्य संमेलनाच्या जुन्या स्मरणिका आम्ही वर्डप्रेसच्या साइटवर चढवल्या. आधी त्या एका बंद सेवेवर होत्या. ती सेवा गुंडाळली गेली, साइट गेली, हातात उरल्या जुन्या फॉन्टमधल्या फायली, त्या युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) आणताना 'ऱ्या' आणि 'ळ' हातानं दुरुस्त करत दोन पावसाळे गेले. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांतून मराठी संमेलनं भरतात, त्यांचं लिखाण कुणा कंपनीच्या मर्जीवर ठेवायचं का? आता त्या स्मरणिकांचा सगळा डेटा माझ्या ड्राइव्हवर आणि गावच्या वाचनालयातही आहे. उद्या होस्टिंग बदललं तरी दुपारभराचं काम.

तेव्हा वर्डप्रेस डॉट ऑर्गवर खातं काढा, भाषांतराच्या मराठी यादीत जा, आणि तुम्ही स्वतः वापरता त्या एखाद्या प्लगइनची पहिली दहा वाक्यं घ्या. कुठलं अडलं तर ते इथं खाली टाका, आपण मिळून सोडवू.