भिवंडीच्या डॉकवरून एमबीए

प्रश्न : ताई, मी ३३ वर्षांची, राहायला कळव्यात. बी.कॉम. झाल्यावर मानकोलीजवळ वाहनांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टॉक एन्ट्रीला लागले. आता डिस्पॅच माझ्याकडे आहे. ११ वर्षं झाली. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा गेल्या महिन्यात माझाच मॅनेजर झाला, कारण त्याच्याकडे एमबीए आहे. मला सप्लाय चेनमध्ये ऑनलाइन एमबीए करायचं आहे. एका ठिकाणाहून रोज फोन येतो, ‘शेवटच्या जागा आहेत, हप्ते करून देतो.’ मुलगा दुसरीत आहे. सासूबाई म्हणतात, आता या वयात कशाला? ही पदवी चालते का? आणि मला झेपेल का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. तो मुलगा मॅनेजर झाला त्या ओळीपाशी दोन्ही वेळा थांबले. उरणच्या रस्त्यावर एका कंटेनर फ्रेट स्टेशनात, म्हणजे बंदराचे कंटेनर भरायच्या-उतरवायच्या यार्डात, मी २० वर्षं काढली आहेत, हे दुखणं मला ठाऊक आहे.

पदवी करा. पण पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ कागद तपासायला द्या. मी तो तपास केला नव्हता. जाहिरातीत ‘मास्टर्स प्रोग्राम’ लिहिलेलं पाहिलं आणि साठवलेले पैसे भरून मोकळी झाले. वर्षभराने हातात आलं ते प्रमाणपत्र. नोकरीच्या अर्जात ‘पदव्युत्तर पदवी’ या रकान्यात ते लिहिता येईना. त्या रात्री नेरूळच्या घरी मी जेवले नाही. खरी पदवी त्यानंतर, ४४व्या वर्षी घेतली.

तेव्हा आधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावरची यादी उघडा. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. तोच अभ्यासक्रम, तोही ऑनलाइन पद्धतीचा, आणि तुमच्या प्रवेशाचं सत्र, हे तिन्ही जुळलं पाहिजे. ते जुळलं तर पदवी चालते. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. प्रवेशासाठी तुम्हाला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागेल, त्याआधी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी. हे सगळं ‘आम्हीच बघतो’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. ऑनलाइन पदवी फ्रँचायझीमार्फत चालवायला नियमांत परवानगीच नाही, म्हणून फी थेट विद्यापीठाच्या खात्यात जाते आहे ना, तेही पाहा. आणि ते ‘हप्ते’ म्हणजे बहुतेकदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. शिक्षण मध्येच सुटलं तरी हप्ता सुटत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘मायक्रोमास्टर्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमाचं नावही तुमच्या कानावर येईल. सप्लाय चेनचे पाच कोर्स आणि शेवटी एक मोठी परीक्षा, अभ्यास उत्तम आणि कसून घेतलेला. पण ती स्वतः मास्टर्सची पदवी नव्हे. ते पूर्ण केल्यावर एमआयटीत किंवा ते क्रेडिट मानणाऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळवून पुढचं शिकलं, तरच पदवी. तुमचं अडलंय ते पदवीवाचून, म्हणून आधी एमबीए.

आता झेपण्याचं. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी हिशेब, अर्थशास्त्र, मार्केटिंग असे सगळ्यांना समान विषय असतात, सप्लाय चेन खऱ्या अर्थाने दुसऱ्या वर्षी येते. अनेक जण पहिल्या वर्षीच कंटाळून सोडतात. तुम्ही बी.कॉम. आहात, हिशेबाला घाबरायचं कारण नाही. घाबरवतं ते संख्याशास्त्र, आणि तिथेच तुमची ११ वर्षं कामाला येतात.

कसं ते सांगते. समजा, वायपर ब्लेडच्या रोज ४० पेट्या जातात आणि पुण्याहून माल यायला सरासरी ६ दिवस लागतात. हिशेब सोपा वाटतो : २४० पेट्या उरल्या की ऑर्डर टाकायची. तरी माल संपतो, डीलर फोनवर ओरडतो आणि बोलणी डिस्पॅचला बसतात. कारण ६ ही सरासरी आहे. गाडी कधी चौथ्या दिवशी लागते, कधी नवव्या. हे मागेपुढे होणं ज्या आकड्यात मोजतात त्याला प्रमाण विचलन म्हणतात. ते २ दिवस निघालं, आणि १००पैकी ९५ वेळा माल संपू द्यायचा नसेल, तर १.६५ (९५ टक्के खात्रीसाठी तक्त्यातून घ्यायचा आकडा) गुणिले ४० गुणिले २, म्हणजे १३२ पेट्या राखीव हव्यात. ऑर्डर ३७२ला टाकायची. (रोजची विक्रीही वरखाली होत असेल तर सूत्र थोडं वाढतं, ते पुस्तकात येईलच.) हे गणित मला समजलं त्या रात्री, कंटेनर उशिरा आले म्हणून मी वर्षानुवर्षं ऐकून घेतलेली बोलणी आठवली. चूक माझी नव्हती, राखीव साठा ठरवण्याची होती. पण ते मांडायला माझ्याकडे शब्द नव्हते.

तुमच्या मॅनेजरला हे सूत्र येत असेल. गाडी नवव्या दिवशी का लागते, हे तुम्हाला माहीत आहे : मानकोली नाक्यावरची कोंडी, ई-वे बिलात (मालासोबतच्या जीएसटीच्या परवान्यात) चुकलेला गाडी नंबर, शनिवारी दुपारी माथाडी टोळी दुसऱ्या डॉकवर (माल चढवायच्या-उतरवायच्या फलाटावर) गुंतलेली. भिवंडीत एवढी गोदामं का, हेसुद्धा या अभ्यासातलंच प्रकरण आहे. मुंबईच्या जकातीबाहेर राहायचं म्हणून ती वाढली, आणि १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायचं कारण कमी झालं, तशा मोठ्या शेड उभ्या राहिल्या. तुम्ही त्याच काळात तिथे होतात. प्रकल्पासाठी दुसऱ्या कंपनीचा विषय घेऊ नका, आपलंच गोदाम घ्या. मॅनेजरची लेखी परवानगी आधी काढा आणि गिऱ्हाइकांची नावं गाळा.

वेळेचं म्हणाल तर रोज पहाटे एक तास आणि रविवारी तीन. व्याख्यानं कंपनीच्या बसमध्ये कानात चालतील, गणितं मात्र वही-पेन घेऊन टेबलावरच होतात. परीक्षा घरून देणार असाल तर कॅमेऱ्यासमोर बसावं लागेल आणि त्या वेळात खोलीत दुसरं कुणी आलेलं चालणार नाही. म्हणून सासूबाईंना आत्ताच सोबत घ्या. ‘या वयात कशाला’ याला उत्तर देत बसू नका. परीक्षेच्या तारखा कालनिर्णयवर लिहा आणि नातवाला त्या दिवशी सांभाळायची विनंती करा. माझ्या सासूबाईंनी माझ्या शेवटच्या पेपरला दाराबाहेर खुर्ची टाकून कुणाला बेल वाजवू दिली नव्हती.

प्रवेश मिळेपर्यंत एक काम सुरू करा. वहीत तीन रकाने आखा : ऑर्डर टाकल्याची तारीख, गाडी गेटवर लागल्याची, माल रॅकवर चढल्याची. सर्वांत जास्त खपणारे पाच भाग घ्या. दिवाळीपर्यंतचे आकडे जमले की मला पाठवा, पहिलं प्रमाण विचलन आपण दोघी मिळून काढू.