‘मी बाबांवर गेलेय, म्हणजे मी सुटले ना?’

प्रश्न : आईला ४४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. तपासणीत ‘बीआरसीए-१ जीन’ निघाला. मी नाकाडोळ्यांनी, स्वभावानंही बाबांवर गेले आहे. धाकटा भाऊ हुबेहूब आई, पण तो मुलगा. मग आम्ही दोघंही सुटलो असं धरायचं का?

उत्तर : नाही, तसं धरू नका. समुपदेशन करताना हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकू येतो, की त्यासाठी मी खणात लोकर ठेवते. एक लाल धागा, एक निळा : आईच्या १७व्या गुणसूत्राच्या दोन प्रती. लाल धाग्यावर एक गाठ, तो बिघाड. स्त्रीबीज तयार होताना हे धागे मधेच तुटून एकमेकांना जोडले जातात आणि त्यातला एकच बाळाला मिळतो. त्यात गाठ आली की नाही, हे चेहऱ्यावरून कळत नाही. बाबांवर गेलेल्या मुलीतही २३ गुणसूत्रं आईचीच असतात. तुमची शक्यता ५० टक्के, भावाचीही ५० टक्केच.

आणि ‘आईला तो जीन आहे’ असं कृपा करून म्हणू नका. बीआरसीए-१ आपल्या सगळ्यांकडे असतो. डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्याचं काम. आईच्या एका प्रतीत बिघाड आहे, इतकंच. ‘आमचं रक्तच वाईट’ असं बोलणाऱ्या मुली समोर बसतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

भावाकडे बिघाड असला तर तो त्याच्या मुलींपर्यंत जाऊ शकतो. वडिलांकडची बाजू लोक मोजतच नाहीत. नवखी असताना मीही एका मुलीला फक्त आई-मावशीबद्दल विचारलं होतं. दारापाशी जाऊन ती म्हणाली, ‘आत्याला अंडाशयाचा कर्करोग होता, ते सांगायचं असतं का?’ याच बिघाडामुळे अंडाशयाचाही कर्करोग होऊ शकतो, म्हणून ते सांगायचंच असतं. तेव्हापासून मी आत्यांचा रकाना आधी भरते.

तपासणीला जाताना आईचा मूळ रिपोर्ट न्या. त्यात बिघाडाची नेमकी जागा लिहिलेली असते, तीच तुमच्या रक्तात पाहतात. तिथं काही निघालं नाही, तर आईच्या बिघाडामुळे वाढणारा धोका तुम्हाला नाही. निघालं, तर स्तनाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका ६० टक्क्यांहून अधिक असतो. पण तो धोका आहे, आजार नव्हे; अशा स्त्रियांची एमआरआय तपासणी साधारण पंचविशीपासूनच दरवर्षी सुरू करतात. भावालाही सोबत न्या. रिपोर्ट दोघांना एकच पुरतो.