रॉक संगीतकाराने रेकॉर्डिंग, निर्मिती आणि धंदा हे सारे स्वतःच्या हाती ठेवून यश मिळवल्याचे उदाहरण आहे का? मुंबईत नोकरी सांभाळून हे जमेल का?

माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण ‘बॉस्टन’ या अमेरिकी बँडच्या टॉम शोल्झचे आहे. अमेरिकेतल्या एमआयटीतून यंत्र अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतलेला हा गृहस्थ दिवसा पोलरॉइड कंपनीत नोकरी करी आणि उरलेल्या वेळात घराच्या तळघरात उभारलेल्या स्टुडिओत बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित करी. एपिक या रेकॉर्ड कंपनीने करार केला, तेव्हा गाणी व्यावसायिक स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड करावीत अशी तिची अपेक्षा होती; परंतु सहनिर्माता जॉन बॉयलनने बाकीच्या वादकांना लॉस एंजेलिसला नेऊन कंपनीचे लक्ष तिकडे गुंतवले आणि शोल्झने बहुतेक काम तळघरातच उरकले. १९७६ साली आलेल्या त्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख प्रती खपल्या.

त्याचा उद्योगही या कामातूनच निघाला. व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अँप्लिफायरचा खरा भरीव सूर तो पूर्ण ताकदीने चालवल्यावरच निघतो, पण तेवढा आवाज घरात परवडत नाही. (आमच्या दादरच्या इमारतीत रात्री गिटारचा आवाज जरा चढला, की खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून दारात उभे राहतात.) शोल्झने १९८० साली स्वतःची कंपनी काढली आणि अँप्लिफायर व स्पीकर यांच्यामध्ये बसून जादा शक्ती शोषून घेणारा ‘पॉवर सोक’ बाजारात आणला. पाठोपाठ १९८२ मध्ये ‘रॉकमन’ आला: पट्ट्याला अडकवता येणारी, पेन्सिल सेलवर चालणारी एक डबी, जिच्यात गिटारची आणि हेडफोनची पिन खोचली की स्टुडिओत घडवलेला सूर थेट कानात येई. ‘डेफ लेपर्ड’ या ब्रिटिश बँडच्या १९८७ च्या ‘हिस्टेरिया’ अल्बममधील गिटारचा सूरही रॉकमनमधूनच आलेला आहे.

या स्वायत्ततेची किंमत त्याने मोजली. दुसऱ्या अल्बमनंतर तिसरा यायला ८ वर्षे लागली आणि या विलंबावरून एपिकची मालक कंपनी सीबीएसने त्याला कोर्टात खेचले. खटला अखेर शोल्झच्या बाजूने लागला, पण रॉयल्टीखेरीज उत्पन्नाचे साधन नसते तर तो इतका काळ तग धरू शकला असता का, याची मला शंका वाटते. १९९५ मध्ये त्याने रॉकमनचा व्यवसाय गिटारची उपकरणे बनवणाऱ्या डनलॉप कंपनीला विकला.

मुंबईत ध्रुव घाणेकर, आशुतोष फाटक या संगीतकारांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली लोअर परळच्या मथुरादास मिल आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीत क्लब उभारला होता. तो क्लब २०१६ मध्ये बंद झाला. जागेत भांडवल अडकवण्याचा तो मार्ग आपल्यासारख्या नोकरदाराला मी सुचवणार नाही. आपल्या रेकॉर्डिंगमध्ये रोज नडणारी एखादी अडचण हेरून, तिच्यावरचा उपाय लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरीच करून पाहणे कमी खर्चाचे आहे. नोकरी मात्र इतक्यात सोडू नका. पहिला अल्बम बाजारात आला, तेव्हा शोल्झही पोलरॉइडच्या नोकरीतच होता.