टर्बोचा नट हलेना, मेकॅनिक म्हणतो अख्खा टर्बो बदला

प्रश्न : नमस्कार काका, मी खार दांड्याला राहतो. गाडी २०१४ ची डिझेल, बिल्डिंगला पार्किंग नाही म्हणून पहिल्यापासून रस्त्यावरच उभी आणि समुद्र चालत पाच मिनिटांवर. पावसाळा संपल्यापासून बॉनेटखालून फट्फट् आवाज येतोय, सिग्नलला थांबलं की एसीतून धुराचा वास. मेकॅनिक म्हणाला टर्बोला (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जिथे सायलेन्सरचा डाऊनपाईप लागतो तिथलं पॅकिंग जळालंय. तीन नट आहेत, एक निघाला, एकाचे कोपरे त्याने पाना घसरवून गोल करून ठेवले, तिसरा ढिम्म. आता म्हणतो जोर लावला तर स्टड (टर्बोत रुतवलेला, बिनडोक्याचा बोल्ट) तुटेल, त्यापेक्षा टर्बोच बदलू. पॅकिंगसाठी टर्बो? रविवारी मीच करून बघू का, व्हिडिओत टॉर्च मारून काढतात तसं?

उत्तर : टर्बो बदलू नका हो. त्याचा पंखा नीट फिरत असेल, तेल गळत नसेल, तर नटाच्या गंजापायी टर्बो फेकायचा म्हणजे कुलूप उघडेना म्हणून दार विकण्यातला प्रकार. पण मेकॅनिक एका बाबतीत खरं बोलतोय, नुसता जोर लावला तर स्टड तुटणारच. निघालेला नट आधी परत लावायला सांगा आणि तोवर गाडी शक्यतो काढूच नका, गॅरेजपर्यंत न्यायचीच झाली तर काचा खाली करून न्या, कारण तो नुसता वास नाही, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःला वास नसतो.

हा नट इतका जाम का होतो ते बघा. घाट चढताना डिझेल टर्बोत शिरणारा धूर ७०० डिग्रीच्या आसपास जातो, मग गाडी बंद, सगळं गार, रात्रभर दांड्याची खारी हवा. रोज हेच. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि आट्यांमध्ये जागा असतेच किती, मग तो तिथे पाचर मारल्यासारखा बसतो. वर तुमच्या नटाचे कोपरे गेले तरी आतली पकड तशीच, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

म्हणून पहिलं काम तेलाचं, आणि तेवढं तुम्ही घरी करू शकता. साधा डब्ल्यूडी-४० इथे कमी पडतो, गंज सोडवणारा पेनिट्रेटिंग ऑईलचा स्प्रे घ्या, नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. इंजिन कोमट असताना मारा, तापलेल्यावर नाही, पेट घेतो. नटाच्या डोक्यावर मारून उपयोग नाही, स्टडचं टोक जिथे नटातून बाहेर येतं तिथे आणि फ्लॅन्जच्या, म्हणजे पाईपच्या टोकाच्या चपट्या कडेच्या, मागे जिथे स्टड आत शिरतो तिथे मारा. शुक्रवारी रात्री, शनिवारी सकाळी, परत रात्री, आणि दरवेळी नटावर छोट्या हातोडीने टिचक्या, घाव नाही, तेल आत झिरपावं एवढंच. पाईपवर किंवा टर्बोवर मात्र हातोडी चालवू नका, ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड आहे, तडकतं.

रविवारी सहा कोनी गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट पाना) घ्या, बारा कोनी घेतली की दुसरा नटही गोल झालाच म्हणून समजा. आधी केसभर आवळायच्या दिशेला दाबा, मग उलटा. कट् आवाज येऊन हलला की लगेच भराभर फिरवू नका, थोडा मागे, थोडा पुढे, मध्ये तेल, असं करत काढा. नटाबरोबर अख्खा स्टडच फिरत बाहेर आला तर उत्तमच, येऊ द्या. पण पाना स्प्रिंगसारखा मऊ लागला, म्हणजे तुम्ही फिरवताय आणि नट जागेवरच, तर तिथेच थांबा, स्टड पिळतोय.

टॉर्चचं म्हणाल तर उपाय खरा आहे. नट लाल होईपर्यंत तापवला की तो फुगतो आणि गंजाची पकड सुटते, जुने मेकॅनिक त्यावर मेणबत्ती टेकवतात, मेण वितळून आट्यांत शिरतं. पण तुम्ही दोन दिवस तेल मारलेलं, शेजारी रबरी पाईप, सेन्सरच्या वायरी, डिझेलची लाईन, आणि दांड्याच्या गल्लीत दोन्ही बाजूला गाड्या चिकटून उभ्या! हे गॅस वेल्डिंगवाल्याकडेच. तो आधी तेल पुसेल, ओली गोणी लावेल. आणि ब्रेक क्लीनरने पुसून लगेच आग दाखवू देऊ नका, काही क्लीनरची वाफ तापली की विषारी होते.

गोल झालेल्या नटावर एक नंबर लहान गोटी ठोकून बसवतात, तेरावर बारा, नाहीतर नट छिन्नीने फोडतात. स्टड तुटलाच तरी टर्बो वाचतो. उरलेल्या तुकड्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड मारायचा, बीडाला वेल्ड नीट धरत नाही त्यामुळे तो बहुतेक स्टडलाच चिकटतो, शिवाय त्याच उष्णतेने गंज सुटतो. दोन गोष्टी सांगून ठेवा : बॅटरीची वायर आधी काढायची आणि अर्थिंगचा क्लॅम्प टर्बोच्या त्याच बीडाला लावायचा, लांब चेसीला लावला तर करंट टर्बोच्या बेअरिंगमधून जाऊ शकतो. मेकॅनिक ईझी-आऊट (तुटलेल्या स्टडला भोक पाडून त्यात रुतवायचा, उलट्या आट्यांचा कडक तुकडा) ठोकायला निघाला तर हात धरा. तो आत तुटला की त्यात साधं ड्रिलसुद्धा जात नाही, मग मात्र टर्बो काढून लेथवाल्याकडे.

लावताना स्टड, नट, पॅकिंग सगळं नवं. आट्यांना निकेलवालं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचा लेप) लावा, ग्रीस जळून जातं. तिन्ही नट थोडे थोडे करत आवळायचे, एकच आधी पूर्ण नको. काम चालू असताना टर्बोच्या तोंडात कपडा कोंबा, पंख्यात चिलटाएवढा कीस गेला तरी महागात पडेल. कपडा मोठा आणि भडक रंगाचा घ्या, पाईप बसवायच्या आधी आठवणीने काढा, मी एकदा विसरलोय.