आर्थरला जिवंत ठेव

चि. लेखिकेस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मसुदा मी दोनदा वाचला. 'पीटर पॅन'चा कर्ता जेम्स बॅरी याच्या आयुष्यावर टीव्हीसाठी चरित्रपट लिहायचे तू मनावर घेतले आहेस, त्यासाठी वाचन केले आहेस आणि तुझ्या संवादांना कानही चांगला आहे, हे आधी सांगतो. तरीही पहिल्या वीस पानांतच मी अडखळलो, कारण तुझ्या पटकथेत सिल्व्हिया लुएलिन डेव्हिस, म्हणजे बॅरी ज्यांच्यात रमला त्या मुलांची आई, लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्स या बागेत विधवा म्हणून येते. तिचा नवरा आर्थर कथा सुरू होण्यापूर्वीच वारलेला आहे. २००४च्या 'फाइंडिंग नेव्हरलँड' या चित्रपटातही हाच फेरफार होता आणि तो तिथूनच तुझ्याकडे आला असावा. त्या चित्रपटाला दोन तासांत गोष्ट उरकायची होती, म्हणून आर्थर गेला आणि पाच मुलांपैकी सर्वांत धाकटा निको तर जन्मलाच नाही. तुझ्यावर ती घाई नाही. तुला टीव्हीचे तीन भाग लिहायचे आहेत.

बॅरीला सिल्व्हियाची मुले १८९७ मध्ये बागेत भेटली. जॉर्ज आणि जॅक ही दोन लहान मुले दाईबरोबर येत, पीटर तान्हा होता, आणि बॅरीबरोबर पोर्थोस नावाचा त्याचा प्रचंड सेंट बर्नार्ड कुत्रा असे. आर्थर वारला तो १९०७ साली. म्हणजे जवळजवळ दहा वर्षे हा माणूस, पेशाने बॅरिस्टर, मितभाषी आणि बेताच्या मिळकतीचा, संध्याकाळी कामावरून घरी येत होता, आणि घरात एक प्रसिद्ध, श्रीमंत, मूल नसलेला नाटककार आपल्या मुलांना समुद्री चाच्यांच्या गोष्टी सांगत बसलेला त्याला दिसत होता. २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये 'पीटर पॅन' नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हाही आर्थर हयात होता. तुझ्या कथेतला सगळा ताण या एका माणसाच्या घरी परतण्यात आहे आणि तोच तू काढून टाकला आहेस. विधवेच्या घरी येणारा परका म्हणजे उपकारकर्ता. नवरा असलेल्या घरी रोज येणारा परका म्हणजे काय, हे बॅरीलाही ठरवता आले नसेल, आणि तुझ्या प्रेक्षकाला त्या अनिश्चिततेत बसवायला हवे.

त्यासाठी एक प्रसंग तुझ्या हाती तयार आहे. १९०१च्या उन्हाळ्यात बॅरीच्या सरेमधल्या ब्लॅक लेक कॉटेजजवळ ही मुले बेटावर अडकलेल्या खलाशांचा खेळ खेळली आणि बॅरीने त्यांची छायाचित्रे काढली. पुढे त्याने त्यांचे एक पुस्तक केले, चार वर्षांच्या पीटरच्या नावाने, आणि त्याच्या फक्त दोन प्रती छापून घेतल्या. एक स्वतःजवळ ठेवली, दुसरी आर्थरला दिली. आर्थर ती प्रत रेल्वेच्या डब्यात विसरला. एवढीच घटना आहे. मात्र डब्यातले ते दृश्य डोळ्यांसमोर आणून बघ: शेजारी ठेवलेले पुस्तक, त्यात आपलीच मुले कोणा दुसऱ्याच्या खेळात रमलेली, गाडी थांबते, माणूस टोपी उचलतो, दार उघडतो. तो विसरला की त्याने विसरू दिले, हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही आणि तूही करू नकोस. पुढे नाटकाच्या अर्पणपत्रिकेत बॅरीने स्वतः या हरवलेल्या प्रतीचा उल्लेख केला, म्हणजे ती त्याच्या मनातून गेली नव्हती. संवादाची एकही ओळ न लिहिता आर्थर इथे पूर्ण उभा राहतो.

आणि मग १९०६ मध्ये त्याच आर्थरच्या जबड्यात कर्करोगाची गाठ निघते. शस्त्रक्रियेनंतर त्याचे बोलणे जवळजवळ बंद होते, तो कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून बोलतो, आणि त्याच्या उशाशी तासन् तास बसलेला असतो तो बॅरी. आजारपणाचा खर्चही बॅरीच उचलतो. कथेआधीच आर्थरला तू मारलेस, तर दुसऱ्या भागातले हे सगळे तू गमावतेस. ज्याचे येणे सहन होत नव्हते, त्याचाच हात धरून पडून राहावे लागणारा माणूस तुला कल्पनेने घडवता आला नसता. तो प्रत्यक्षात होऊन गेला आहे, म्हणून तो तुला मिळाला आहे.

बीबीसीने १९७८ मध्ये दाखवलेली 'द लॉस्ट बॉइज' ही मालिका तू मिळवून बघ. तीन भाग, प्रत्येक सुमारे दीड तासाचा. पटकथा अँड्र्यू बर्किन यांची, दिग्दर्शन रॉडनी बेनेट यांचे आणि बॅरीच्या भूमिकेत इयन होम. चरित्रपट या प्रकारात टीव्हीने जे काही केले आहे, त्यात मी ही मालिका फार वर ठेवतो. बर्किन यांना पाचही भावांपैकी हयात असलेला एकटा निको भेटला आणि त्याने घरातली कागदपत्रे त्यांच्यासमोर ठेवली. पीटरने आयुष्याच्या उत्तरार्धात कुटुंबाची पत्रे गोळा करून, त्यांवर टिपणे लिहून जो मोठा संग्रह केला होता आणि ज्याला त्याने 'शवागार' या अर्थाचे नाव दिले होते, तोही त्यात होता. त्यामुळे तिथले संवाद पत्रांच्या भाषेला धरून आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लेखक घाई करत नाही. माणसे जेवणाच्या टेबलावर बसतात, कोणी तरी उठून जाते, दृश्य तरीही चालू राहते.

आता तुझ्या मसुद्यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे येतो. तुझ्याकडे प्रत्येक जादूच्या वस्तूला तिचा जन्मदाखला आहे. कुत्रा दिसला की नाटकातली दाई झालेली कुत्री सुचते, आजीने हातातली काठी आपटली की लगेच चाच्यांचा कप्तान हूक, खिडकीचा पडदा हलला की मुलगा उडणार. प्रेक्षकाला ओळख पटल्याचा आनंद होतो हे खरे, पण तिसऱ्यांदा तो आनंद हिशेबासारखा वाटू लागतो. लिहिणाऱ्याच्या डोक्यात गोष्टी अशा एकास एक उतरत नाहीत, हे तुला स्वतःच्या लिखाणावरून ठाऊक आहे. अशा जुळण्यांपैकी फार तर एक ठेव. मी पोर्थोस ठेवला असता, कारण कुत्रा पडद्यावर नुसता असला तरी पुरतो आणि त्याला कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

अंधाऱ्या खोलीच्या प्रसंगाबद्दल मात्र तुला सावध करायला हवे. बॅरी सहा वर्षांचा असताना, १८६७च्या जानेवारीत, त्याचा थोरला भाऊ डेव्हिड बर्फावरच्या अपघातात गेला. आईने अंथरूण धरले. छोटा जेम्स अंधाऱ्या खोलीत शिरला तेव्हा आतून 'तूच का तो?' असा आवाज आला आणि त्याने सांगितले की तो नाही, मीच आहे. प्रसंग काळजात घुसणारा आहे, पण तो आपल्याला कळतो कोणाकडून? बॅरीकडूनच. १८९६ साली आईवर लिहिलेल्या पुस्तकात त्याने तो सांगितला, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, आणि तोवर तो आपल्या शब्दांनी लोकांना रडवण्यात तरबेज झाला होता. तू हा प्रसंग फ्लॅशबॅक म्हणून, निळसर प्रकाशात, सत्य म्हणून दाखवला आहेस. त्याऐवजी बॅरी तो सिल्व्हियाला सांगतो आहे असे लिहून बघ. तो सांगताना ती त्याच्याकडे कशी बघते आणि दारात उभ्या आर्थरला किती ऐकू आले, यात तुझे दृश्य आहे.

तिसऱ्या भागासाठी एका कागदाकडे लक्ष वेधतो, कारण तो तुझ्या मसुद्यात कुठेच नाही. १९१० मध्ये सिल्व्हियाही गेली. जाण्यापूर्वी तिने आपल्या हाताने मुलांच्या व्यवस्थेबद्दल काही लिहून ठेवले होते. त्यात तिची इच्छा अशी होती की दाई मेरी हॉजसनकडे 'जेनी'ने यावे आणि दोघींनी मिळून मुलांचे व घराचे बघावे. जेनी ही मेरीची बहीण. बॅरीने या मजकुराची नक्कल करून मुलांच्या आजीला पाठवली, त्या नकलेत 'जेनी'च्या जागी 'जिमी' झाले आहे. मुलांच्या तोंडी बॅरी 'अंकल जिम' होता. हाताचे अक्षर वाचताना चूक होऊ शकते, आणि मनाला जे हवे तेच डोळ्यांना दिसते असेही होते. तुझ्या जागी कोणी घाईचा लेखक असता तर त्याने बॅरीला इकडेतिकडे बघत शब्द बदलताना दाखवले असते. तू तसे करू नयेस असे मला मनापासून वाटते. त्याला टेबलाशी बसव, मूळ कागद त्याच्यासमोर ठेव, टाक चालू दे, त्या शब्दाशी तो थांबतो की नाही हे नटावर सोड. प्रेक्षकाला दोन्ही कागद फक्त एकदा वाचता आले पाहिजेत.

बॅरी आणि मुले यांच्या नात्यात काही गैर होते का, हा जो प्रश्न आज विचारला जातो, तो तुलाही विचारला जाईल. निकोने बर्किन यांना स्पष्ट कळवले होते की तसले काही आपण कधी पाहिले नाही वा ऐकले नाही. तो त्या घरात वाढला होता, म्हणून त्याच्या शब्दाला मी मान देतो. पण बॅरीचे प्रेम निरागस होते असे मानले, तरी ते मुलांना जड झाले नाही असे त्यातून निघत नाही. जॉर्ज १९१५ मध्ये फ्लँडर्समध्ये युद्धात मारला गेला. चौथा भाऊ मायकेल १९२१ मध्ये ऑक्सफर्डजवळ मित्राबरोबर बुडाला, तेव्हा त्याला एकवीस पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. पीटरला आपले नाव त्या नाटकाला जोडले जाण्याचा आयुष्यभर जाच झाला आणि १९६० मध्ये त्याने स्वतःच जगणे संपवले. त्याच्या मृत्यूचे कारण तुझ्या पटकथेत नाटक हे एकच दिसते. पडद्यावर तसे सांगणारा तो शेवटचा फलक काढून टाक. माणसाच्या अशा निर्णयाला आपण एका ओळीत कारण चिकटवणे हा अन्याय आहे, आणि पीटरच्या बाबतीत तर तो तोच अन्याय पुन्हा करणे आहे.

मी हे अधिकाराने सांगत नाही, अनुभवाने सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एका दिवंगत माणसाच्या जीवनावर लिहिताना सोयीसाठी मी त्याची थोरली बहीण वगळली. प्रसारणानंतर ती बहीण, ऐंशीच्या घरातली, मला भेटायला आली. रागावली नाही. भावाची शाळेची फी कोणी भरली असे तुम्हाला वाटते, एवढेच तिने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि ती खुर्चीतून उठेपर्यंत मी काहीही बोललो नाही.

तेव्हा सगळा मसुदा एकदम हातात घेऊ नकोस. आधी रेल्वेच्या डब्याचे दृश्य लिही, दोन पानांच्या आत, आणि मला पाठव. आर्थर गाडीतून उतरल्यावर घरी पोहोचतो तेव्हा दार कोण उघडते, हेही त्यात येऊ दे.

तुझा,
शुभचिंतक