सुरुवातीचा जोश ओसरला म्हणून घाबरू नका

बाप्तिस्म्याला (ख्रिस्ती दीक्षाविधीला) काही महिने झाले आणि आता प्रार्थनेत मन लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेकांचं होतं हे. माझंही झालं होतं आणि मी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. ती माझी मोठी चूक.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सलग वाचायला घेणं. गाडी तिसऱ्या, नियमांनी भरलेल्या लेवीय पुस्तकात हमखास अडते. त्यापेक्षा मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा, घ्या. १६ अध्याय, रोज एक. मग फिलिप्पैकरांस पत्र, अवघे ४ अध्याय. येशूचा संदेश गावोगाव पोचवणाऱ्या पौलाने ते बंदिवासातून लिहिलं. तिसऱ्या अध्यायात तो कबूल करतो की मी अजून पूर्णत्वाला पोचलेलो नाही, पण मागचं विसरून लक्ष्याकडे धावतोय. इतका मोठा प्रेषित हे म्हणतो, मग आपण कोण!

सध्या एवढंच धरा:

- प्रार्थनेची वेळ ठरलेली हवी, पण छोटी. १० मिनिटं पुरेत. तासाभराचा नेम आठवड्यात मोडतो.
- मन नसलं तरी रविवारची उपासना चुकवू नका.
- मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका जाणत्या माणसाला खरं काय ते सांगत जा.

शब्दच सुचेनात तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ वाचा. सुरुवातच तक्रारीने होते. देवापुढे गाऱ्हाणं चालतं बरं का.

आणि पडलात तर येशूचा शिष्य पेत्र आठवा. त्याने येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं, तरी प्रभूने आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्याकडेच सोपवली.

प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या चिन्हांचे अर्थ, लांबलचक उपास वगैरे नंतर बघू. मार्क संपला की कळवा.