वाहक जोडप्यासमोर बसताना

प्रिय,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मॅडम, गरोदरपणाचा नववा आठवडा आहे, बाई सिकलसेलची वाहक, म्हणजे एएस, निघालीय. सिनिअर म्हणतात समजावत बसू नकोस, सरळ नागपूरला पाठव." ओपीडी चालू होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी नवऱ्याचं रक्त घे, आणि नुसत्या सोल्युबिलिटीवर, सिकलच्या त्या पहिल्या साध्या टेस्टवर, थांबू नकोस. ती टेस्ट एएस आणि एसएस, म्हणजे वाहक आणि प्रत्यक्ष आजारी, वेगळे करत नाही; थॅलेसेमियाचा वाहक तर तिला दिसतच नाही. बायको सिकलची वाहक, नवरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक, तरीही मूल आजारी निघू शकतं. दोघांचीही एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी, हवी. विदर्भात आपलं सगळं लक्ष सिकलवर असतं आणि हे निसटतं. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, कमी दिसला की वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या लिहिणारे चांगले चांगले डॉक्टर मी पाहिलेत. थॅलेसेमियाच्या वाहकात वाढणारं हिमोग्लोबिन, एचबी ए२, ३.५ टक्क्यांच्या वर आहे का, हे कुणी बघितलेलंच नसतं.

आता माझी चूक सांगते. मी तुझ्या वयाची असताना एक जोडपं आलं होतं, दोघंही एएस, पहिली मुलगी एसएस. मी घाईत म्हणाले, "चारात एकाला होतो." दोघांनी मान डोलावली. परत आले ते थेट बाळंतपणाला. दुसरं मूलही एसएस निघालं, तेव्हा तो बाप मला म्हणाला, "मॅडम, एकाला झाला होता ना? मग पुढचे तीन सुटले, असं वाटलं." त्यांनी माझं वाक्य अगदी बरोबर ऐकलं होतं. तेव्हापासून मी टेबलावर चार चिठ्ठ्या ठेवते. एक एसएस, दोन एएस, एक एए, म्हणजे आजारीही नाही आणि वाहकही नाही. एक उचलायला लावते, मग ती परत मिसळते. दर गरोदरपणाला चिठ्ठी नव्यानं उचलायची. पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं सोडू नकोस, बाहेर रांग कितीही असो.

तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोल. रिपोर्ट सासूसमोर वाचला की "माहेराहून रोग आणला" हे ऐकायची वेळ तिच्यावर येते. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे नवऱ्याच्या तोंडून वदवून घे. घरात त्याचं ऐकतात.

दोघंही वाहक निघाले, तर सीव्हीएस, म्हणजे वारेचा बारीक तुकडा घेऊन गर्भाची तपासणी, अकराव्या आठवड्यापासून होते, म्हणजे हाताशी फार दिवस नाहीत. पण पाठवण्याआधी विचार, निकाल कळल्यावर काय करावंसं वाटतंय? गर्भलिंगनिदानाच्या कायद्यानं तिला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यायला सांगितलंय, तिची प्रत तिला द्यायला सांगितलंय. आपण तिला फक्त सही कुठे करायची ते दाखवतो. मला हे फार खुपतं.

२०२३ साली सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून '२०४७ पर्यंत निर्मूलन' हे शब्द आपल्या तोंडी बसलेत. तपासण्या वाढल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या आकड्याचं ओझं तुझ्यासमोर बसलेल्या बाईवर टाकू नकोस. "असं मूल ठेवून काय करणार?" हा प्रश्न डॉक्टरच्या खुर्चीतून विचारला की तो प्रश्न राहत नाही, हुकूम होतो.

आणि ती नको म्हणाली, तर तिच्यावर रागावू नकोस. जन्मल्यावर बाळाचं रक्त तपासता येतं. एसएस निघालं तर दोन महिन्यांपासून पेनिसिलीन, न्यूमोकोकलची लस, पुढे हायड्रॉक्सियुरिया. वेळेवर सुरू झालं की ही मुलं शाळेत जातात, मोठी होतात. केसपेपरवर 'समुपदेशनास नकार' असं लिहून तिला सोडून दिलंस, तर हे बाळ पहिल्यांदा तुझ्याकडे येईल ते न्यूमोनियानं धापा टाकत.

नवऱ्याची एचपीएलसी आली की लगेच फोन कर. दोघंही वाहक असतील तर सीव्हीएसच्या तारखेचं मी बोलून ठेवते. एसटीचं भाडं त्यांना परवडेल का, तेही विचारून घे.

तुझी,
मॅडम